खाण्यायोग्य भाग

मासा घेताना आधी कल्ला उघडायचा.
लाल तर ताजा.
मग डोळा. मग बोटाने दाबायचं,
खळगा राहिला तर पुढच्या टोपलीकडे.
एवढं शिक्षण मला आईने रेवदंड्याच्या बाजारात दिलं
आणि तेवढ्यावर मी वेल्समध्ये नऊ वर्षं निभावली.

इथल्या नदीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
पाणी मात्र असं, की तळाचा खडा मोजावा.
शेवाळ नाही, गाळ नाही,
आल्या आल्या मी म्हटलंही होतं, काय ही नितळाई!
गेथिन प्रॉसर हसला होता.
त्याचा आजा वरच्या डोंगरात शिसं खणायचा.
खाण बंद पडली, आजा खोकत गेला,
डोंगराला पडलेली भोकं तशीच राहिली,
पाऊस त्यांतून आत जातो
आणि काहीतरी घेऊन बाहेर येतो.

गेथिन शनिवारी ट्राउट धरतो,
ओट्यावर सोलून दोन स्वच्छ तुकड्या काढतो
आणि उरलेलं बादलीत घालून माझ्या दारात ठेवतो:
मुंड्या, काटे, कधी गाबोळी.
'तुम्ही खाता ना हे?'
खातो म्हणजे काय!
अहो, माशात खायचं तेच तर असतं.
दोन हिवाळे आमच्या घरी फुकटचं कालवण,
तिरफळं आईने पाठवलेली,
आणि सहा वर्षांचा निषाद
मुंडी चोखून अशी कोरडी करायचा
की मांजरही वाकून बघायचं नाही.

मार्चमध्ये गेथिनने एक अख्खा मासा दिला.
'तुझ्या लॅबमध्ये बघ की सहज.'
कल्ला लाल होता. डोळा पाणीदार.
आई पास करून मोकळी झाली असती.

फॉर्मवर एक रकाना आहे: खाण्यायोग्य भाग.
खाली बारीक अक्षरात: कातडी व काटे वगळून.
मी तो भरला.
मर्यादेच्या आत. बऱ्याच आत.
मग का कोण जाणे, जेवणाच्या सुट्टीत
मी मुंडी वेगळी विरघळवली, कणा वेगळा, काळीज वेगळं,
आणि सूर्याहून तापलेल्या त्या ज्योतीत
एकेक थेंब सोडला.

माशाच्या कानात खडे असतात,
वर्षाला एक वळं धरतात, झाडासारखं.
कानात शिसं ओतायची शिक्षा
मी फक्त लहानपणी ऐकली होती,
कुणाला, कशासाठी, तेही ऐकलं होतं.
ह्याने काय ऐकलं होतं?

आकडे मी कागदावर लिहिले नाहीत.
ते लिहायला रकाना नव्हता.

गेथिनला सांगितलं, तुझा मासा चांगला आहे.
खोटं नव्हतं.
त्याचा चेहरा उजळला, आज्याला कुणी माफ केल्यासारखा,
आणि त्या शनिवारी बादली नेहमीपेक्षा जड आली,
वर ओला वर्तमानपत्राचा कागद,
कागदावर एक लिंबू.

ती मी कुठे ओतणार?
नदीत नाही.
कोल्ह्यासाठी कुंपणापाशी नाही.
उकिरड्यावर बगळे येतात.
लॅबमधला पिवळा पिंप आहे, घातक कचऱ्याचा,
त्याला सही लागते
आणि सहीशेजारी 'मूळ ठिकाण' लिहावं लागतं.
तीन दिवस बादली फ्रीजमध्ये,
दुधाच्या शेजारी.

निषादच्या दंडातून नर्सने एक नळी भरून रक्त काढलं,
तो रडला नाही,
घरी येऊन शिसपेन्सिलने मासा काढत बसला,
आत सगळे काटे, एकेक.
पेन्सिलीत शिसं नसतं रे, मी म्हटलं,
नुसतं नाव.
त्याने मान वर केली नाही.

निकाल गुरुवारी येणार.
आज मंगळवार.
मी बटाट्याचा रस्सा केलाय, तिरफळं घालून,
वास अगदी तोच.
तो भाताकडे बघत नाही,
वाटीत बोटं घालून
काटा शोधतोय.