नमुना

बाटलीवर सात दावे आहेत. मी मोजले.
रक्त वाढतं, गुडघे बोलायचे थांबतात,
केस, झोप, पचन, उमेद,
आणि सातवा, बारीक अक्षरात: एकंदर तेज.

तीस वर्षं डिचोलीच्या प्रयोगशाळेत
मी लाल माती दळली, आम्लात उकळली,
लोह किती ते थेंबाथेंबानं मोजलं.
एकदा वरून निरोप आला, अठ्ठावन्न टक्के लिहा.
होतं छप्पन्न पूर्णांक आठ. तेच लिहिलं.
पुढची दोन वर्षं भांडारात खिळे मोजले.

कुंदा, माझी मेहुणी, साखळीची.
विकतेही साखळीतच:
तिच्याखाली तिघी,
तिघींखाली अजून कुणी नाही.
"साठ दिवस, भावजी. ताईला फरक पडला नाही
तर नाव बदलेन."

मी दुसरी बाटली केली.
कवचं तीच, आत उकड्या तांदळाचं पीठ.
शेजारच्या आग्नेलनं चिठ्ठ्या डकवल्या, क आणि ख;
कुठलं काय, ते त्याच्याच खिशात.
शालनला आधी विचारलं होतं.
"बायको म्हणून आणलीत," ती म्हणाली,
"आता खनिज म्हणून दळा."

तीस दिवस क. तीस दिवस ख.
रोज संध्याकाळी तळ्याच्या एकवीस पायऱ्या:
कितव्या पायरीवर थांबली, कठड्याला हात लावला का.
चवथीच्या आठवड्यातल्या नोंदी मी खोडल्या.
घर पाहुण्यांनी भरलेलं, ती पहाटेपासून
नेवऱ्या तळत उभी,
आणि गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही.
हे कुठं लिहायचं असतं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

रक्त: आधी दहा पूर्णांक चार,
मध्ये दहा पूर्णांक पाच,
शेवटी दहा पूर्णांक चार.
एवढी चूक तर यंत्राचीच असते.
पायऱ्या: सारख्याच.
झोप: ख मध्ये बरी.
आग्नेलनं खिशातला कागद उलगडला.
ख म्हणजे तांदूळ.

कुंदा आली तेव्हा वही उघडीच होती.
"पडला ना फरक?"
"नाही."

ती रकान्यांवरून बोट फिरवत राहिली.
तिच्या अंगणात टिप्पर उभा आहे
खाणी थांबल्यापासून. हौद्यात माती साचली,
मातीत घोसाळ्याचा वेल. यंदा चांगला धरला.
बँकेला घोसाळी चालत नाहीत.
"नाव काय ठेवू मग?" तिनं विचारलं.
हसली असावी. मी वहीत बघत होतो.

शालन आतून पैसे घेऊन आली.
"दोन दे," म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता,
"पाच तारखेलाच ना गे हप्ता?"

रात्री निष्कर्ष लिहायला बसलो.
दावे: सात. सिद्ध: शून्य.
खरेदी: दोन बाटल्या.
कारण,
असा रकाना आखलेलाच नव्हता.
पट्टी शोधायला उठलो.
शालन घोरत होती, दिवा चालूच,
उशाशी दोन्ही बाटल्या,
सील तसंच.