चार बोटं

मे. गंगापूर धरणात एकोणतीस टक्के.
गाळ मोजायला निघालो आम्ही चौघं,
खोलीचं यंत्र, त्याची बॅटरी,
वीस लिटरचा थंड पाण्याचा जार,
आणि मोटारीशी लहानू बेंडकोळी, गंगावऱ्ह्याचे.

होडीच्या कुशीवर त्यांनी ऑइलपेंटनं ओढलेल्या तीन रेघा:
रिकामी. तिघं. सगळे.
आम्ही चढलो तशा त्या एकेक करून बुडत गेल्या.
लहानूंनी वाकून हात लावला.
शेवटच्या रेघेवर पाणी चार बोटं चढलेलं.
"जार कशाला घेतला?" म्हणाले,
"धरणातच निघालोय ना?"

आम्ही हसलो. ते नाही हसले.

"ही रेघ होडीच्या बुडाची.
पंखा त्याच्याही खाली वीतभर लोंबतो.
लोक पंखा विसरतात."

पडद्यावर आकडे पळत होते,
दोन दहा, एक ऐंशी, एक चाळीस.
यंत्राचा डोळा पाण्याखाली बत्तीस सेंटिमीटर बांधलेला,
तो स्वतःपासून मोजतो,
वरचे बत्तीस आपण मिळवायचे.
हे मला पाठ होतं, परीक्षेत दोन गुणांना आलं होतं.
कालची वाट पडद्यावर निळी दिसत होती.
मी म्हटलं, हिच्यावरूनच चला.

"कालची ती. रात्रीत शहर प्यायलं."
काठच्या दगडावर ओली कड दाखवली त्यांनी,
दोन बोटं रुंद.
मी तरी निळ्या रेघेला बोट लावून बसले.
"बरं," म्हणाले, आणि मोटार अगदी मंद केली.
"टेकायचंच तर हळू टेकावं.
पळाली की मागून बसते ही, अजून खाली."

समोर एक बगळा उभा होता.
त्याचे गुडघे कोरडे होते.
मी पडद्याकडे बघत होते.

आवाज फार नाही झाला.
पोत्यावर पोतं ठेवल्यासारखा.

कुणाचा तरी बांध.
सातबाऱ्यावरून कधीच पुसलेला,
पाण्याखाली अजून हद्द सांगत बसलेला.

आमच्यातला कुलदीप म्हणाला, जोरात रेटा की.
लहानूंनी मोटार बंद करून वर उचलली.
"रेटलं तर पंखा चिखल पिईल. मग वल्हवत जाल घरी?"
नाक टेकलं होतं, म्हणून पुढच्या दोघांना मागे बोलावलं,
एकेकाला, बसूनच, सरकत.
मग बांबू खाली घातला. ठक्क.
हातभर बाजूला घातला,
तर तो गाळात गेला, जातच राहिला,
काही न बोलता.

तिथून काढला, पुसला,
आणि जिथं ठक्क वाजलं होतं तिथंच पाय टाकून
ते पाण्यात उतरले.
जॅकेटची क्लिप लावलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

होडी एक बोट वर आली.
माणूस म्हणजे एवढाच, एक बोट.
तेवढं पुरलं.
आलो त्याच वाटेनं त्यांनी ती मागे लोटली,
जशी गोठ्यात उलटी वळवतात म्हैस,
पुटपुटत, थोपटत.

संध्याकाळी ऑफिसात सगळ्या खोल्यांत शून्य पूर्णांक बत्तीस मिळवले.
बेरीज बरोबर होती.
ती सकाळीही बरोबरच होती.

दुसऱ्या दिवशी जार नेला नाही.
लहानूंनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे.
चौथ्या बोटाशी अंगठा नेऊन
तो थोडा खाली सरकवला.
"चला," म्हणाले, "आज बगळ्याकडं तुम्ही बघा."