रिसीव्हर बदलण्याची वेळ

मे महिन्यात कॉलेजच्या नळाला खाडी लागते.
आधी चहात कळतं, मग काचेवर पांढरे डाग.
वेंगुर्ल्यात याचं कुणाला काही वाटत नाही.
परीक्षेच्या आदल्या दिवशी मी
चंबू, स्टँड, कंडेन्सर, रबरी नळ्या मांडते.
थंड पाणी खालून आत, वरून बाहेर.
सत्तावीस वर्षं सांगतेय,
तरी एक नळी उलटी लागतेच.

चंबूत टाकायला सच्छिद्र तुकडे लागतात,
नाहीतर द्रव उसळतो, एकदम, कारण नसताना.
यादीत पोर्सिलीन लिहिलंय. येत नाही.
मी गोठ्याचं फुटलेलं कौल
वरवंट्याखाली चेचून डब्यातून आणते.
रजिस्टरात त्याची नोंद नाही.

परीक्षक पनवेलचे. शर्ट पाठीला चिकटलेला.
प्रश्न नेहमीचा : अॅसिटोन आणि पाणी, वेगळं करा.

चार नंबरच्या टेबलावर रोक डिसोजा,
मनवेलचा नातू.
मनवेल म्हणजे आरवलीच्या वाटेवरचा,
ज्याची भट्टी बोंडूंच्या दिवसांत रात्रभर धुमसायची,
सांधा मातीनं लिंपलेला, वर व्हाळाचं पाणी.
आम्ही पोरं बोंडू तुडवायला जायचो,
पाय आठवडाभर चिकट.
पहिली धार तो जमिनीवर ओतायचा.
‘ही डोळे खाता,’ म्हणायचा. ‘मगे येता ती खरी.’
पोलिसांनी दोनदा नेला त्याला.
तांब्याचं भाण कधी सापडलं नाही.
पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात.
आमच्याकडे गाळणं, आणि तेही हळू आवाजात.

रोकच्या थर्मामीटरातला पारा तुटलेला होता,
दोन ठिकाणी, मधे फट.
सकाळी मी पाहिलं नव्हतं.
त्यानं हात वर केला नाही.
चंबूच्या मानेकडे बघत बसला,
जिथे वाफेचं ओलं कडं
काचेतून चढत होतं,
चढत, अडखळत, पुन्हा चढत,
आणि वळणावर पोचताच
पलीकडे थेंब.
पहिले चार-पाच त्यानं वेगळ्या नळीत धरले
आणि बाजूला सारले.

मग थेंबामागे थेंब.
मग विरळ.
मग नाहीच.

ही मधली वेळ मला सगळ्यात आवडते.
एक निघून गेलेलं असतं,
दुसरं अजून निघालेलं नसतं.
मँटल तेवढाच तापलेला
आणि नळीच्या टोकाला काही नाही.
बाकीची मुलं इथे घाबरून बटण फिरवतात.
रोकनं बटणाला हात लावला नाही.
कडं बोटभर खाली उतरलं.
त्यानं रिसीव्हर बदलला.

‘तापमान किती होतं?’
‘छप्पन्न, सर.’
परीक्षकांनी थर्मामीटर उजेडात धरलं.
‘यात दिसलं छप्पन्न?’
रोक गप्प.
आजोबांचं नाव कॉलेजात काढायचं नसतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी कपाटाकडे.
‘पारा तुटलेला होता सर, माझं लक्ष नव्हतं,’
हे मी म्हटलं, पण उशिरा, फार हळू,
ते पाच नंबरकडे वळले होते.

संध्याकाळी चंबू धुताना
त्याच्या दुसऱ्या बाटलीचा वास घेतला.
होती थोडी चाहूल अॅसिटोनची.
एका फेरीत सगळं सुटत नाही.
मनवेलसुद्धा दोनदा गाळायचा.

फाटकापाशी रोक उभा. वाटलं, मार्क विचारेल.
‘बाय, ता थर्मामीटर टाकलास?’
‘टाकतलंय उद्या.’
‘टाकू नको. बर्फात मीठ घालून धर,
पारो खाली उतारता, आणि परत जुळता.’
‘कोणी सांगल्यान?’
तो हसला, सायकलवर बसला.

थर्मामीटर रुमालात गुंडाळलेलं पर्समध्ये होतंच.
घरचा रस्ता डावीकडे.
मी उजवीकडे वळले, बंदराच्या उताराला,
जिथे बर्फाच्या कारखान्यासमोर
बांगड्यांच्या टोपल्या भरत होत्या,
आणि लाद्या फोडणाऱ्या पोराला विचारलं,
एवढासा तुकडा देशील का?