भाड्याचा अंक

अदिस अबाबात, अरात किलोच्या चढावर
मी वर्तमानपत्रं भाड्यानं देतो.
अर्ध्या तासाला एक बिर.
वेळ उलटली की अंक तुमचा, पूर्ण किंमत मोजा.
सहसा कुणी उलटू देत नाही.
माणसं फरसबंदीच्या कडेला उकिडवी बसतात
आणि परीक्षेच्या दारातलं पोर शेवटचं पान गिळतं
तशी बातमी गिळतात.

खोक्यावर मी खडूनं लिहिलं होतं:
समासात लिहू नये.
दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं: का?
मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून लिहितात.

वोल्डेयेस आजोबांची पेन्सिल लाल.
आमच्या लिपीत तीन अक्षरं लागतात खोटं म्हणायला,
ती तिन्ही ते अशी दाबत
की मागच्या पानावरच्या फुटबॉलपटूच्या
कपाळावर उमटत.

बातमी आली: चौकाचौकात कॅमेरे, चेहरे ओळखणारे.
आजोबा: खोटं.
हिरुत, निळ्या शाईत: खरं आहे आजोबा,
आमच्या कॉलेजच्या दारावर एक बसवलाय.
तो मला माझी धाकटी बहीण समजतो.
देम्सेव मास्तरांनी मताला हात लावला नाही,
बातमीतला एक शब्द खोडून वर लिहिलं:
ओळखू पाहणारे.

बातमी आली: यापुढे बातम्या यंत्र लिहील.
मास्तर: निदान शुद्धलेखन सुधारेल.
टॅक्सीवाला कासाहुन: त्याला पगार किती?
आणि आजोबा, त्या दिवशी पहिल्यांदाच
तीन अक्षरांवर न थांबता, पान आडवं धरून:
एकतीस वर्षं तारा पाठवल्या मी
दिरे दावाच्या स्टेशनातून.
माझा बाप सांगायचा, तार आली तेव्हा साहेब म्हणाले,
आता माणसामाणसांत गैरसमज उरणार नाही.
उरला की.
फक्त त्याला दर शब्दामागे पैसे पडू लागले.

खाली हिरुतनं एक छोटा हसरा चेहरा काढला होता.
आजोबांनी त्याला मिशा काढून दिल्या.

तेफचा भाव चढला त्या दिवशी मात्र समास कोरा.
संध्याकाळी अंक गोळा करताना पाहिलं,
आकड्याखाली नखांचे ओरखडे.
मोजले. सात.

मग ताहसास महिन्यात, थंडीचे दिवस,
आजोबा आठवडाभर आले नाहीत,
आणि पान सातवर, तळाला,
टायरांच्या जाहिरातीशेजारी
त्यांचं नाव आलं, चौकटीत.
मी गिऱ्हाइकांना काही सांगितलं नाही.
अंक दिला, पैसे घेतले, घड्याळ पाहिलं.

पहिल्या अर्ध्या तासानं तो अंक परतला तेव्हा
नावातलं चुकलेलं अक्षर
मास्तरांनी दुरुस्त केलेलं होतं.
दुसऱ्यात कासाहुननं टायरांची किंमत
हिशेबासाठी उतरवून घेतली होती,
पण चौकटीवर बोट फिरल्याचा काळा डाग होता.
चौथ्या की पाचव्या वेळी
चौकटीखाली लाल पेन्सिलीत तीन अक्षरं.
खोटं.

मी पान उलटून पाहिलं.
मागे काही उमटलं नव्हतं.
हात दुसऱ्याचा होता, हलका,
पेन्सिल बहुधा त्याच दिवशी विकत आणलेली.
कुणाची, ते विचारलं नाही.
समोर तिघेचौघे बसले होते
आणि एकाचीही मान वर नव्हती.

एवढ्या वर्षांत माझ्या मालावर
मी स्वतः कधी काही लिहिलं नव्हतं.
विकणाऱ्यानं मत ठेवू नये, धंदा बसतो.
त्या दिवशी खोक्यातला खडू घेतला, तो पानावर उमटेना.
मग हिरुतचं पेन मागितलं
आणि उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात:
अर्ध्या तासाचं भाडं बाकी. एक बिर.

महिनाअखेरीस रद्दी कोलोवालीकडे जाते.
ती पुड्या बांधते, भाजलेल्या सातूच्या.
तो अंक मी वेगळा काढायचा ठरवला होता,
काढला असं वाटतंही होतं,
पण परवा शोधला तर गठ्ठ्यात नाही.

आता रोज संध्याकाळी एक पुडी घेतो.
सातू खाऊन होतो, मग कागद सरळ करतो
आणि आधी मागची बाजू पाहतो.