आबदार

बापूंचं काम ओतायचं, प्यायचं नाही.
आबदारखान्यात तेवीस वर्षं,
जिभेवर एक थेंब नाही,
तरी सदऱ्याला वास, म्हणून आई
तो वेगळ्या बादलीत भिजवायची.

बडोद्यात दारूबंदी आली. चांदीच्या सुरया
यादी होऊन कुलपात गेल्या.
आमच्या वाट्याला एक काचेची, बूच हरवलेली,
गळ्यात साखळी, साखळीला बिल्ला: पोर्ट.
रावपुऱ्याचा हवालदार तिच्यात नाक घालून
वाळ्याचं सरबत हुंगून गेला.
बिल्ला तेवढा पंचनाम्यात उतरवून घेतला.

बापू म्हणायचे, भांडं बोलतं.
पोट भरताना खर्जात,
मान आली की वर चढतं.
दिवे गेले तर कान लावून ओतायचं.
मी हसायचो.

काल सयाजी इस्पितळात
त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.
मी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होतो,
लक्ष खिडकीतल्या माकडाकडे.

"बस," बापू म्हणाले.

पाणी काठाच्या दोन बोटं खाली थांबलं होतं.
पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी
बूड रुमालाने पुसलं
आणि शेजारच्या खाटेच्या दिशेने पुढे केला:
आधी त्यांना.