बाकीचे चाळीस

सहावी ब, मनपाची शाळा, कोपरखैरणे. तिसरा तास.
फळ्यावर डावीकडे तारीख, उजवीकडे पट एकेचाळीस, हजर चौतीस,
मध्ये, खाली घसरत गेलेल्या माझ्या अक्षरात,
शेकडेवारी.

शेवटच्या बाकावर देवस्थळे मॅडम
दोन मुलांमध्ये अवघडून, मांडीवर निरीक्षणवही.
मी कांचन गजभारे, छात्राध्यापिका,
सराव पाठ क्रमांक नऊ.
गणवेशाची साडी मागल्या वर्षीच्या मुलीकडून निम्म्या किमतीत,
पदराला तिच्याच पिनेचं भोक.
तक्ता कॅलेंडरच्या पाठीवर. उजेडात धरला
की टक्क्यांमागून एकादशी दिसते.

समजा, मी म्हणते,
एका मुलीला शंभर रुपये मिळायचेत.
पहिल्या हप्त्यात साठ टक्के आले. किती आले?
साठ! साठ! अख्खा वर्ग.
टाचणात लिहिलं होतं, विद्यार्थी योग्य उत्तर देतील.
दिलं त्यांनी.

टाचणात सुफियान नव्हता.
हात वर न करताच म्हणाला,
बाई, बाकीचे चाळीस कुठंयत?

बाळा, छाननीत आहेत.
कॉलेजच्या जिन्याखाली शिष्यवृत्ती विभाग आहे,
तिथल्या संगणकात आधी छाननी, मग त्रुटी, मग पुन्हा छाननी,
गणपतीपासून होळीपर्यंत.
त्रुटी म्हणजे, गुणपत्रिकेवर मी गजभारे
आणि आधारवर गजभरे.
एका कान्याएवढी फट,
तेवढ्यातून चाळीस खाली पडले.

कान्यासाठी वाशीला तीन खेपा.
यंत्राला माझा अंगठा दिसेना.
खडूनं झिजला का, केंद्रावरचा मुलगा म्हणाला.
नाही, लसणानं.
तुर्भ्याच्या खोलीत आम्ही मायलेकी हॉटेलांचा लसूण सोलतो, किलोवर.

रांगेत माझ्यापुढे एम. कॉम.चा हेमंत घरत,
थकलेल्या हप्त्यांवर व्याज काढत बसायचा, चक्रवाढ,
पै न पै बरोबर.
मग विचारायचा, हे नावे कुणाच्या टाकू?

खिडकीतले हडकर उद्या या म्हणत नाहीत.
बघतो म्हणतात, आणि खरंच बघतात,
चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून.
एकदा डबा उघडता उघडता म्हणाले,
मीही एम. ए. आहे हो. मलाही मिळायची.
शेवटचा हप्ता आला तेव्हा
या खुर्चीत बसून मला सहा महिने झाले होते.
काय केलंत मग?
आईला चष्मा केला.
नंबर तोवर बदलला होता.
आणि भेंडीची भाजी माझ्यापुढे सरकवली.

अण्णा माथाडी, भाजी मार्केटात.
सकाळी येतात, पाय धुतात, विचारतात,
आलं का?
काय ते बोलत नाहीत.
आई सोलता सोलता म्हणते,
आलं महागलंय. लसूण विचारा.
मग तिघंही हसतो, अण्णा सगळ्यात शेवटी.

हे टाचणात कुठल्या रकान्यात बसतं?
शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन.

मी म्हणाले, वजाबाकी कर. शंभरातून साठ गेले.
तो म्हणाला, ते आलं बाई. कुठंयत ते विचारलं.
खडू बोटात तुटला.
मी तक्त्याकडे वळले,
वळायचं कारण नव्हतं.
घंटेच्या शिपायाला त्या दिवशी
मी मनातल्या मनात पेढे दिले.

देवस्थळे मॅडमची वही:
आवाज स्पष्ट. उदाहरण जीवनाशी निगडित.
अक्षर ओळीत ठेवावे.
विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर टाळले.
दहापैकी सहा.

सुफियान माझ्या कोपराखालून वाचतो,
ओठ हलवत, बोटं मोडत.
म्हणजे तुम्हाला पण साठच, बाई.

तक्त्याचं एक टोक मी त्याच्या हातात देते.
धर घट्ट.
पिना मी काढते.