तिसऱ्या डब्यापर्यंत

फॉर्म चाळीस पानांचा.
त्यात पायांसाठी एकच क्रियापद, चालणे,
आणि पुढे चौकटी :
वीस मीटरच्या आत, वीस ते पन्नास, पन्नास ते दोनशे.
खुरडणं कुठल्या चौकटीत घालू?
पाय ओढणं, कठड्यावर रेलणं,
भिंत धरून वाट बघत राहणं
गुडघा पुन्हा माझा होईपर्यंत,
ह्याचे मीटर किती?

शेजारच्या आयबॉट्सनांचा नातू, कॅलम,
माझी ब्लाउज बेतायची टेप घेऊन रस्त्यावर उतरला.
टेप दीड मीटरची.
तेरा वेळा टाकली त्याने दगडी फरशीवर, आणि वर दोन वीत.
वीस मीटर म्हणजे आमच्या दारापासून
तिसरा कचऱ्याचा डबा, हिरव्या झाकणाचा.
पण हॅलिफॅक्समध्ये सपाट असं काही नसतं.
जाताना उतार, येताना चढ.
फॉर्मला चढ माहीत नाही.

चार वर्षांची होते, ताप आला
आणि जाताना उजवा पाय घेऊन गेला.
लोखंडी कॅलिपर, चामड्याचे पट्टे, वर परकर.
आई म्हणायची, कुणी विचारलं तर सांगायचं, चालतं मला.
शाळेचा जिना? चालतं.
रेशनची रांग? चालतं.
बघायला आलेल्यांनी पायाकडे पाहिलं
तेव्हा तीच पुढे झाली, पोह्यांची बशी धरून :
चालतंय की!

एकोणतीस वर्षं टॉफीच्या कारखान्यात
उभ्याने पाकिटं मोजली. चालतं.
आता एकसष्टाव्या वर्षी
पोलिओ परत आलाय, व्याजासकट.
डॉक्टर म्हणतात, चांगला पायही थकला,
दोघांचं काम एकट्याने ओढून.

तपासणीला गेले ती
इस्त्रीची साडी नेसून, अंबाडा घालून.
कचेरीत जायचं तर नीट जावं.
ग्लेनिस नावाची बाई होती, आवाज मऊ.
दुकानात जाता का, मिसेस हुपरीकर?
जाते की, दर गुरुवारी.
बिचारीला वाईट वाटायला नको
म्हणून पुढचं गिळलं :
ट्रॉलीवर ओणवी होऊन जाते,
आणि अख्खा शुक्रवार अंथरुणात.

तपकिरी पाकीट आलं.
अर्जदार नीटनेटक्या होत्या. केस व्यवस्थित बांधलेले.
संभाषणात हसल्या.
एकूण गुण : शून्य.

त्याच रात्री मिरजेहून विजूचा फोन :
काय गं, चाललंय ना?
मी म्हटलं, तुझ्या सुनेचं बाळंतपण कधी?

आता दुसऱ्यांदा लिहितेय,
आणि ह्या खेपेला शुक्रवारपासून सुरुवात केलीय.
जिना बसून उतरते, एकेक पायरी, रांगत्या पोरासारखी.
चहा कपातून नेता येत नाही,
थर्मास गळ्यात अडकवून नेते, पाच पावलं,
मग खुर्ची, मग उरलेली चार.
दुपारी पाणी पीत नाही
कारण संडास वर आहे.
हे कुणाला सांगितलं नव्हतं. यशवंतरावांनाही नाही,
ते असताना.
आई समोर असती
तर पान पालथं घातलं असतं मी.
अक्षर मात्र सुवाच्य आलंय, तेच खटकतंय.
थोडं वाकडं काढायला हवं होतं का?

पाकिटाला तिकीट लागत नाही. पत्ता छापलेला.
पेटी खाली, वळणावर.
कॅलमने तीही मोजून ठेवली होती, न विचारता :
एकशे बारा.

दार उघडून बघितलं. तो अजून शाळेत.
पाकीट कुबडीला टेकवून ठेवलंय
आणि दोघींशेजारी मी बसलेय.
साडेतीनला येतो तो. कधी कधी चार.